पुलाला किती फूट झालं की माझ्या दारात पाणी येतं? सांगलीच्या पूर-मॉडेलमधल्या सव्वा फुटाच्या चुकीचं प्रकरण

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये माणसं एकमेकांना भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पुलाला किती फूट झालं?' पूल म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल. १९२९ साली खुला झालेला, सांगली आणि सांगलीवाडी जोडणारा, दगडी कमानींचा. तिथल्या पाणी मोजायच्या पट्टीवर ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ च्या पुढे गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये साडेसत्तावन्नला टेकलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पंचावन्नच्या आसपास. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण पुलावर ४८ झालं तर आपल्या गल्लीत काय होतं, हे पाणी दारात आल्याशिवाय पुष्कळांना कळत नाही.

मी व्यवसायाने मॉडेल मेकर आहे. पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये सात वर्षं हात बसवला आणि मग मिरजेत स्वतःचं काम सुरू केलं. बिल्डरांचे प्रकल्प, देवळांच्या जीर्णोद्धाराची मॉडेलं, साखर कारखान्याच्या विस्ताराचं मॉडेल, इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट, अशी कामं येत असतात. सांगलीतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या, तेव्हा त्यांना काय हवंय ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. 'मुलाने आपलं घर शोधावं आणि पुलाला किती फूट झालं की तिथं पाणी येतं, ते त्याला कळावं.' इतकी स्वच्छ मागणी या धंद्यात क्वचित मिळते. बहुतेकांना मॉडेल 'भारी दिसायला' हवं असतं.

पुढे जे घडलं ते तपशिलाने लिहिते आहे. या कामात माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक दिसत असतानाही मी ती घासून झाकली, आणि एका आजींनी बोट ठेवलं नसतं तर ते मॉडेल तसंच शाळेत जाऊन बसलं असतं.

सपाट गावाचं मॉडेल

डोंगरी गावाचं मॉडेल करणं सोपं. साताऱ्याचा अजिंक्यतारा करायचा तर उंचसखलपणा आयताच मिळतो. सांगली सपाट आहे, आणि हीच इथली अडचण. जमिनीतला चार-पाच फुटांचा फरक डोळ्याला जाणवतही नाही, पण पुरात तोच फरक एका गल्लीला बुडवतो आणि शेजारच्या गल्लीला कोरडं ठेवतो.

शाळेला १.५ मीटर बाय १.२ मीटरचं टेबल बसवता येणार होतं. १:२००० या प्रमाणात त्यावर ३ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरचा भाग मावतो. सांगलीवाडीचा काठ, पूल, गणपती मंदिर, गावभाग, मारुती चौक, स्टँडचा परिसर. हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम बाहेर राहिला. बाईंना तो हवा होता, कारण वारणेच्या फुगवट्याची, म्हणजे वारणा भरली की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं त्याची, चर्चा इथं घरोघरी होते. पण संगम घ्यायचा तर प्रमाण लहान करावं लागलं असतं आणि गल्ल्या ओळखू आल्या नसत्या. ज्या मॉडेलात मुलाला आपलं घर सापडत नाही, ते या कामाला निरुपयोगी. संगम सोडला.

आता उंची. १:२००० मध्ये जमिनीवरचा एक मीटर म्हणजे अर्धा मिलिमीटर. २००५ आणि २०१९ च्या पुरातला पावणेचार फुटांचा फरक मॉडेलवर जेमतेम अर्धा मिलिमीटर झाला असता, रंगाच्या दोन हातांएवढा. म्हणून उंचीचं प्रमाण वेगळं घ्यावंच लागतं. भूभागाच्या मॉडेलात हे नेहमी करतात, फक्त ते किती पट केलं हे पाटीवर लिहावं लागतं. मी कागदावर आकडेमोड करत बसले होते तेव्हा एक गोष्ट जुळून आली. उंची साधारण दहापट वाढवली तर एक फूट बरोबर दीड मिलिमीटरचा होतो, आणि दीड मिलिमीटरचा बायंडिंगचा करडा पुठ्ठा बाजारात मिळतो. म्हणजे पुठ्ठ्याचा एक थर म्हणजे पुलावरचा एक फूट! गाव ज्या मापात बोलतं त्याच मापात मॉडेल उभं राहणार होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

तळाला ३० फूट धरले आणि वर ६५ पर्यंत गेले. पस्तीस थर. प्रत्येक थराचा आकार लेझरने कापायचा आणि त्याच फेरीत हलक्या आचेवर रस्ते आणि घरांचे चौकोन कोरायचे. घरं उभी करायची नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. बाईंना ते पटेना. 'घरं नसतील तर मुलांना काय दिसणार?' मी त्यांना कागदावर दाखवलं. दुमजली घर २० फुटांचं. तेही दहापट करायचं तर दोन मिलिमीटर रुंदीची गल्ली आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरच्या काड्या. बोट आत जाणार नाही, गल्ली दिसणार नाही. आणि घरं खऱ्या प्रमाणात ठेवून जमीन तेवढी दहापट केली, तर घर तीन मिलिमीटरचं आणि पाणी त्याच्या डोक्यावरून जाणारं. चार फूट पाणी आलेलं घर मॉडेलात पूर्ण बुडालेलं दिसेल, आणि पोर घरी जाऊन आजीला सांगेल की आपलं घर बुडालं होतं. पुराच्या विषयात अशी खोटी भीती मला नको होती.

त्याऐवजी मी एक वेगळा तुकडा देऊ केला. गावभागातल्या एका जुन्या घराचं दार, १:२० मध्ये, उंची आणि रुंदी एकाच प्रमाणात. घरमालकांनी तिन्ही पुरांच्या खुणा भिंतीवर रंगाने करून ठेवल्या होत्या. त्यांच्या उंबऱ्याची पातळी पुलाच्या मापात ५३ च्या आसपास निघाली. दहा सेंटिमीटर उंचीचं सागवानी दार, पितळी कडी, तीन दगडी पायऱ्या, बाजूला तुळशीवृंदावन. दारावर तीन बारीक रेघा. २००५ ची रेघ घोट्याच्या जरा वर, २०२१ ची मांडीपाशी, २०१९ ची छातीला. दाराशेजारी त्याच प्रमाणातली एक बाई उभी केली, म्हणजे घोटा, मांडी, छाती हे सांगावं लागत नाही. कडी बसवताना लक्षात आलं की २०१९ ची रेघ कडीच्या वरून जाते. म्हणजे आतून कडी काढायची तर हात पाण्यात घालावा लागला असता. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, 'आम्ही दार उघडंच ठेवून निघालो होतो.' म्हणून मॉडेलातलं दारही मी अर्धं उघडं ठेवलं.

सुई

मोठ्या मॉडेलवर पाणी दाखवायचं कसं, यावर बराच विचार केला. पुठ्ठ्यावर खरं पाणी चालत नाही. निळ्या अ‍ॅक्रिलिकच्या तबकड्या बसवल्या तर एका वेळी एकच पातळी दिसते, आणि त्या तबकडीचीच जाडी दोन मिलिमीटर, म्हणजे सव्वा फुटाहून जास्त. शेवटी पाणीच काढून टाकलं. मॉडेलच्या दोन्ही लांब कडांना अ‍ॅल्युमिनियमचे रूळ, त्यावर सरकणारी आडवी पट्टी आणि पट्टीवर खालीवर होणारी एक सुई. आपल्या घरावर सुई आणायची आणि जमिनीला टेकेपर्यंत सोडायची. सुईची दोरी १९ मिलिमीटर व्यासाच्या गिरकीवरून जाते आणि गिरकीच्या काट्यामागे १९ सेंटिमीटरची तबकडी आहे, भाजीवाल्याच्या काट्यासारखी. सुईचा दीड मिलिमीटर तबकडीवर दीड सेंटिमीटर होतो. लहान मुलालाही अर्धा फूट वाचता येतो. काटा ४९ दाखवत असेल तर पुलाला ४९ झालं की या घरापुढच्या रस्त्यावर पाणी.

जमिनीच्या उंच्या मिळवणं हे वेगळंच प्रकरण होतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटर अंतराने असतात. आपलं हे टेबलभर गाव दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात संपतं. उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या माहितीत कित्येक मीटरची चूक असते, शिवाय ती छपरं आणि झाडांनाच जमीन समजते. म्हणून ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावून एका सर्व्हेअरकडून पुलाच्या पट्टीपासून सुरुवात करून प्रत्येक गल्लीची पातळी घेतली. या कामाचे पैसे शाळेला जड वाटत होते, पण मी त्यावर अडून बसले. या मॉडेलचा सगळा जीव त्या आकड्यांत होता.

बोट ठेवलं ते इथं

मॉडेल चार तुकड्यांत केलं, कारण लेझरच्या टेबलावर ९० सेंटिमीटर बाय ६० सेंटिमीटरपेक्षा मोठं काही बसत नाही. प्रत्येक तुकडा ७५ बाय ६०. तीन तुकडे कापून झाले आणि पुठ्ठा संपला. नेहमीच्या दुकानात माल नव्हता. दुसरीकडून 'दीड एमएम' सांगून आणला आणि चौथा तुकडा त्यातून केला.

चारही तुकडे १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायवर बसवले, तर चौथ्याच्या सांध्यावर बोट फिरवलं की पायरी लागत होती. खालच्या थरांना अगदी बारीक, वर जावं तशी वाढत जाणारी, सगळ्यात वर दोन मिलिमीटरच्या पुढे. जुलै महिना होता. मिरजेत हवेला ओल होती. मी स्वतःला सांगितलं, प्लाय वाकला असेल, पुठ्ठा ओल धरून फुगला असेल. फटीत लांबी (पुट्टी) भरली, २२० च्या पेपरने घासली, मग ४०० च्या. सांधा दिसेनासा झाला. वर एकसारखा रंग मारला. मला माझ्या फिनिशिंगचा अभिमान आहे, आणि त्या दिवशीही मी तो सांधा बघून खूश झाले होते.

माझ्या वर्कशॉपशेजारी सतारी बनवणारे एक चाचा बसतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच पेठेतले. पंढरपूर भागातून येणारे कडू भोपळे ते वाळवून ठेवतात आणि घाई असली तरी ओला भोपळा हातात घेत नाहीत. मी सांधा घासत होते तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले होते, 'बेटी, फुगलंय म्हणतेस, तर दोन दिवस उन्हात ठेवून बघ ना. फुगलेलं असेल तर बसेल.' मी हसून 'हो' म्हटलं आणि घासत राहिले. तो प्रयोग दोनच दिवसांचा होता.

शाळेत न्यायच्या आधी बाईंनी गल्ल्यागल्ल्यांतल्या जुन्या रहिवाशांना माझ्या वर्कशॉपमध्ये आणलं. दहा-बारा माणसं होती. एकेकाने सुई आपल्या घरावर नेली. बहुतेकांचं जुळलं. 'बरोबर, पुलाला पन्नास झालं की आमच्याकडं येतंच.' मग एक आजी पुढं आल्या. त्यांची गल्ली चौथ्या तुकड्यात. सुई टेकली आणि काटा ५६ फूट ८ इंचांवर थांबला.

आजी म्हणाल्या, 'हे चुकलंय पोरी.'

मी समजावलं, की याचा अर्थ २०१९ ला तुमच्या दारापुढं दहा इंच पाणी होतं.

'नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आलं, तिथल्या लाइटच्या खांबापाशी थांबलं. खालच्या आळीतली सहा माणसं चार दिवस आमच्याकडं राहिली. त्यांच्या चपला दारात रस्त्यावर काढलेल्या होत्या. पाणी असतं तर चपला वाहून गेल्या नसत्या काय?'

मी त्यांना उत्तर दिलं नाही, पण मनात म्हटलं की इतक्या वर्षांनी आठवणी सरकतात. हा माझा पहिला विचार होता, तो इथं लिहिणं मला गरजेचं वाटतं. वय झालेलं माणूस आणि लेझरने कापलेला पुठ्ठा यांत मी पुठ्ठ्यावर विश्वास ठेवला.

त्याच बैठकीत आणखी एक तक्रार आली. नदीच्या वरच्या अंगाला, मॉडेलच्या उत्तरेच्या कडेला राहणारे एक काका म्हणाले, 'आमच्याकडं तुमच्या काट्यापेक्षा वीतभर आधी पाणी येतं.' त्यांचा भाग पहिल्या तुकड्यात. म्हणजे दोन तक्रारी, आणि दोन्ही एकाच दिशेच्या नाहीत. आजींचं घर मॉडेलात खऱ्यापेक्षा खाली दिसत होतं, काकांचं वर.

शोध

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअर दादांना घेऊन आजींच्या गल्लीत गेले. खांब तिथंच होता. त्यावर पाण्याची खूण नव्हती, पण खांबापासून दहा पावलांवरच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर रंगाने '२०१९' लिहिलेली रेघ होती, रस्त्यापासून एका पेराएवढी वर. तिथून आजींच्या दारापर्यंत रस्ता चढत जातो. लेव्हल लावली. आजींच्या दारापुढचा रस्ता पुलाच्या मापात ५८. दादांनी वही काढून आधीची नोंद दाखवली. तिथंही ५८ च होतं.

म्हणजे आजी बरोबर, वही बरोबर, ड्रॉइंगही बरोबर. चूक माझ्या टेबलावर होती.

परत येताना रिक्षात मला तो सांधा आठवला. पोटात कालवलं. वर्कशॉपमध्ये शिरल्या शिरल्या मी भंगाराच्या पेटीतून दोन्ही मालांच्या कातरणी काढल्या आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप, लावला. पहिल्या मालाचे दहा तुकडे एकावर एक ठेवून १५ मिलिमीटर. दुसऱ्याचे दहा, १४.३. एका थरात ०.०७ मिलिमीटरचा फरक. नखाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. पण आजींची गल्ली तळापासून अठ्ठाविसाव्या थरावर होती. अठ्ठावीस वेळा ०.०७ म्हणजे जवळजवळ दोन मिलिमीटर, आणि दोन मिलिमीटर म्हणजे सव्वा फुटाहून थोडं जास्तच. ५८ चे ५६ फूट ८ इंच इथं झाले होते.

आता सांध्याची गोष्ट नीट समजली. प्लाय वाकला असता तर पायरी तळापासून वरपर्यंत सारखीच राहिली असती. ती वर जाताना वाढत होती, म्हणजे प्रत्येक थर आपला वाटा घालत होता. आणि पुठ्ठा ओलीने फुगला असता तर चौथा तुकडा उंच व्हायला हवा होता, तो तर बुटका होता! दिशासुद्धा उलटी. मॉडेल मला बोटाखाली स्पष्ट सांगत होतं आणि मी त्याचं तोंड लांबीने बंद केलं. दुकानदाराने दीड म्हणून १.४३ दिलं हे खरं, पण पुठ्ठा विकणाऱ्याला मिलिमीटरचा दहावा हिस्सा कधीच महत्त्वाचा नसतो. वह्या बांधायला तो चालतो. माझ्या कामात एक थर म्हणजे एक फूट होता. माल दारात आल्यावर मोजणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही.

काकांच्या तक्रारीचं कारण वेगळं निघालं. पहिल्या तुकड्याचे थर मोजले, ते बरोबर होते. मग सर्व्हेअर दादांनी मला जमिनीवर काठीने रेघ ओढून दाखवलं. पुराचं पाणी तळ्यासारखं आडवं नसतं. नदी वाहते म्हणजे वरच्या अंगाला पाणी थोडं उंच आणि खालच्या अंगाला थोडं उतरतं असतं. पुलाची पट्टी फक्त पुलापाशी खरं सांगते. पुलावर ५७ असताना वरच्या अंगाला त्याहून थोडं जास्तच असतं. मी मात्र रूळ पाणसळ लावून अगदी आडवे बसवले होते. म्हणजे साऱ्या गावावर पुलाचंच पाणी ताणून पसरलं होतं. आजींच्या प्रकरणात मॉडेल खोटं होतं, काकांच्या प्रकरणात माझी समजूत.

या दोन चुका वेगळ्या करणं हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस होता. दोन्ही एकाच खात्यात टाकल्या असत्या, तर सुईला कुठेतरी थोडंसं सरकवून 'जुळवलं' असतं. चौथा तुकडा दुरुस्त झाला असता आणि बाकीचे तीन बिघडले असते.

दुरुस्ती

चौथा तुकडा काढला. लांबी भरलेला सांधा कटरने उघडताना शेजारच्या तुकड्याची कडही थोडी दुखावली. नवीन पुठ्ठा पुण्याहून आणला, पण एक गठ्ठा न घेता आधी पाच शीट मागवली. प्रत्येक शीट चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजलं, मग बाकीचा माल त्याच लॉटमधून. तरीही काही शीट १.४८, काही १.५३. ती अशी लावली की पाच-पाच थरांची बेरीज साडेसात मिलिमीटर यावी. पातळ शीटवर जाड शीट. दर पाच थरांनंतर गोंद सुकला की उंची मोजायची आणि वहीत लिहायची, पुढचे पाच नंतर. यात वेळ जातो. आधी दोन दिवसांत झालेल्या तुकड्याला या वेळी सहा दिवस लागले. गोंदही बदलला. पाण्याचा गोंद पुठ्ठा फुगवतो आणि तो वाळताना वाकतो, म्हणून स्प्रेचा गोंद वापरला, त्याचा थर जवळजवळ शून्य.

रुळांचं काम चकतीएवढं होतं. वरच्या अंगाच्या सहा घरांवरच्या खुणा दादांनी मोजल्या. पुलापाशी सुईचं माप तसंच राहील अशा बेताने रुळाच्या उत्तर टोकाखाली एक मिलिमीटरची पितळी चकती घातली आणि दक्षिण टोकाचा टेकू तेवढाच घासला. सुई आता पुराच्या पाण्याच्या उतारावर चालते. हा उतार प्रत्येक पुरात तोच नसतो. वारणेचा फुगवटा किती आहे त्यावर तो बदलतो. पाटीवर तसं लिहिलं आहे. ओढ्यातून आणि गटारातून उलटं येणारं पाणी या सुईला कळत नाही, तेही लिहिलं आहे. पाटीवरचा मजकूर लांबला म्हणून बाई थोड्या नाराज होत्या. मी एकही ओळ कमी केली नाही.

ठरलेल्या रकमेतला माझा नफा जवळजवळ सगळा या दुरुस्तीत गेला. शाळेकडून जास्तीचे पैसे मागितले नाहीत, पण मॉडेल दहा दिवस उशिरा जाणार हे बाईंना फोनवर सांगताना कारणासकट सांगितलं, लांबी भरल्याचंसुद्धा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'मॅडम, हे आमच्या आठवी-नववीच्या मुलांना येऊन सांगाल?' गेले. पुठ्ठ्याच्या कातरणी आणि व्हर्निअर घेऊन. चाळीस मुलांनी दहा-दहा तुकडे मोजले.

या कामानंतर माझ्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी बदलल्या. माल आला की आधी व्हर्निअर, मग लेझर. आणि सांध्यावर पायरी दिसली तर कारण वहीत लिहिल्याशिवाय लांबीचा डबा उघडायचा नाही. माझ्याकडे काम शिकणाऱ्या दोन मुली आहेत. त्यांना हे पहिल्या दिवशी सांगते. पीव्हीसीचं सनबोर्ड लेझरखाली घालायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो, हे जितक्या कडकपणे सांगते, तितक्याच कडकपणे.

मॉडेल शाळेत बसलं त्या दिवशी आजी आल्या. चपला दारात काढल्या, चष्मा पुसला आणि सुई स्वतःच्या हाताने आपल्या गल्लीवर नेली. काटा ५८ वर थांबला. त्यांनी मान हलवली, पण बोट तिथून काढलं नाही. सुई हळूहळू पुढं सरकवत स्टँडच्या पलीकडं नेली, जिथं त्यांच्या मुलीने नवीन घर घेतलं आहे. सुई खाली खाली गेली. काटा जिथं थांबला तो आकडा त्यांनी दोनदा वाचला. मग माझ्याकडून पेन घेतला आणि बसच्या तिकिटाच्या मागे तो लिहून घेतला.